कापायची जागा

सिव्हिलमध्ये तुझ्या कपाळाला, कानामागं वायरी चिकटवल्या.
तू झोपलेली. कानात टक टक टक,
आणि पडद्यावर एक बारीक रेघ उठत-बसत होती.
"ऐकतीय बघा," फिरदौस मॅडम म्हणाल्या, "झोपेतपण."
मग माझ्याकडं वळून काहीतरी विचारलं.
मी म्हणालो, काय?
त्यांनी पुन्हा विचारलं, "तुमचे कान कधी तपासले?"

हरिणी, एकवीस वर्षं मी अशोक चौकामागच्या शेडात
टॉवेलचे माग चालवतो.
चोवीस माग, एक पत्रा.
तिथं कुणी कुणाचं ऐकत नाही, ओठ बघतात.
मालक शिवी देताना हनुवटी कशी पुढं काढतो
हे मला सात मागांपलीकडून कळतं.
घरी मात्र तुझी अम्मा खाली मान घालून बोलते, सूप मांडीवर, विडीला दोरा गुंडाळत,
आणि मी हूं म्हणतो. चुकीच्या जागी.

मॅडमनी सांगितलेलं सगळं समजलं असं नाही.
बाळ पोटातच ऐकायला लागतं म्हणे.
शब्द नाही, नुसती चाल,
भिंतीपलीकडं कुणी बोलावं तशी.
म्हणजे नऊ महिने हजार विड्यांच्या हिशेबाला
अम्मा तेलुगूत जी कुरकुर करत होती
तिची चाल तुला पाठ आहे.

आणि सध्या म्हणे तुला सगळ्या जगाचे आवाज वेगवेगळे कळतात.
चुलीतला च निराळा, चारातला निराळा.
आपला पालु, महादेवीअक्कांचा हालु,
रझियाखालांच्या "खबर"मधला घसा खरवडत येणारा ख,
आणि जिथं आपले टॉवेल जातात, आपण जात नाही,
तिथलेसुद्धा.
वर्षभरात हे आटतं.
रोज कानावर न पडणारे फरक मेंदू सोडून देतो.
"हे नुकसान नव्हे," मॅडम म्हणाल्या, "हेच शिकणं."
असेल.
माझेही स, फ, थ गेलेत, कुकरची शिट्टी गेलीय,
पण ते मी काही शिकलो म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र मला लगेच पटली.
टॉवेल मागावर सलग निघतो, एकाला एक जोडून.
मध्ये चार बोटं आडवा धागा भरत नाही,
नुसते उभे, मोकळे दोरे. तिथं कापायचं.
बोलण्यात असे मोकळे दोरे नसतात.
अम्मा बोलते ते सगळं एकच लांब थान,
अक्का मध्येच कानडी घुसवतात, मी मराठी,
आणि तू पाळण्यात पडल्या पडल्या मोजतेस,
कशामागं काय पुन्हा पुन्हा येतं,
कुठं येत नाही.
कापायची जागा तुझी तूच शोधतेस,
कात्री न लावता.
मला हे शिकायला उस्तादाच्या दोन थपडा लागल्या होत्या.

आता आठवा महिना.
हल्ली तू डोळ्यांत बघत नाहीस, तोंडाकडं बघतेस.
अम्माला वाईट वाटलं.
मी म्हणालो, ओठ बघतीय. माझ्यासारखीच.
तेव्हापासून आपण दोघं समोरासमोर बसतो,
एक येणारी, एक चाललेला,
मधल्या जागेत काय बोललं जातंय ते बघत.

काल दुपारी लाईट गेली. गल्लीतले सगळे माग एकदम बंद.
मी घरीच होतो, जेवायला.
तू दचकलीस, इकडंतिकडं बघितलंस,
मग माझ्याकडं, आणि ओठ मिटले, उघडले,
मिटले, उघडले.

प, ब, म: ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात.
एकवीस वर्षांत तिथंच मी फसतो.
नान्ना नव्हतं, त्याला ओठ लागत नाहीत.
बाबा? अम्मा? पप्पा?

अम्मा आतून हसत आली, हाताला भात.
"पप्पु म्हणाली," माझ्यासमोर येऊन, सावकाश, "पप्पु."

वरण.

ताटात होतंही वरण.
मी बोट बुडवून तुझ्या जिभेला लावलं
आणि तेवढ्यात लाईट आली.